धुण्याच्या दगडाखालचे वर्तुळ

शेवाळाला मुळे नसतात. झाड जमिनीतून पाणी घेताना थोडीफार निवड करू शकते. शेवाळाला ती सोय नाही. त्याचे पान जेमतेम एका पेशीइतके जाड असते, त्यावर मेणाचे आवरण नसते, आणि भोवतालच्या हवेत व ओलाव्यात जे काही असेल ते थेट आत शिरते. या दुबळेपणामुळेच संशोधकांनी त्याची निवड केली होती.

त्यांनी शेवाळात दोन नवे गुण घातले होते. एक विकर, म्हणजे एन्झाइम, होते, जे ट्रायक्लोरोइथिलीन नावाच्या द्रावकाचा रेणू फोडत असे. दुसरे होते रंगद्रव्य. रेणूतला क्लोरीन सुटा झाला की ते हिरव्याचे तांबडे होई. म्हणजे जिथे जमिनीतून त्या द्रावकाची वाफ वर येत असेल तिथे शेवाळ लाल पडणार, आणि जोवर ते जिवंत व ओले आहे तोवर कणाकणाने ते विष खातही राहणार. कागदोपत्री त्याला ‘सूचक शेवाळ’ म्हणत. बेअरिंग कॉलनीतल्या बायकांनी त्याचे नाव ‘लाली’ ठेवले.

त्रिविक्रम बेअरिंग वर्क्स हा कारखाना बंद होऊन तीस वर्षे झाली होती. गोदावरीच्या दक्षिणेला काळ्या पाषाणाच्या माळावर त्याची कुंपणभिंत तेवढी उभी होती. आतल्या शेडचे पत्रे, खांब, गंजके रूळ सगळे भंगारात गेले होते. कामगारांची कॉलनी मात्र उठली नाही. घरे नावावर झालेली, मुले जवळच्या शाळांत शिकलेली, माणसे तिथेच म्हातारी झाली. बोअरचे पाणी पिऊ नका असे सांगणारा आदेश आला तोवर कॉलनीत मूत्रपिंडाचे, यकृताचे आणि रक्ताचे आजार होऊन गेले होते. मग बोअर सील झाले आणि नळ आला. कारखान्याची जमीन घेतलेल्या नव्या कंपनीचे म्हणणे असे की, जुने द्रावक कारखान्यामागच्या दगडाच्या खाणीत टाकले गेले हे खरे. पण ते तिथेच राहिले, कॉलनीपर्यंत पोचलेच नाही. न्यायाधिकरणाने अखेर शेवाळाचा नकाशा मागवला. ज्या घरापर्यंत विष पोचल्याचे दिसेल, त्या घराला आयुष्यभर तपासणी आणि उपचार पुरवणे कंपनीवर बंधनकारक होणार होते.

श्रावणात पेरणी झाली. सर्वेक्षण-अधिकारी डॉ. निवेदिता पोटे यांनी कॉलनीच्या लढा-समितीच्या कार्यालयापुढे बायकांना गोळा करून कृती दाखवली. शेवाळाची पूड ताकात कालवायची आणि सडा घालावा तशी अंगणात, ओट्यांवर, भिंतींच्या कडेला शिंपडायची. ताकामुळे ती दगडाला धरते. हे ऐकून एकजण म्हणाली की, इतक्या वर्षांत सरकारने पहिल्यांदाच आपल्याला येणारे काम सांगितले. पोटेबाई हसल्या आणि मग खाली बसून त्यांनी खडूने फरशीवर दोन आकृत्या काढल्या, एक रेघ आणि एक वर्तुळ.

हे द्रावक पाण्याहून जड असते, त्या सांगत होत्या. जमिनीत मुरल्यावर ते तळाला जाते आणि आपल्या या काळ्या खडकाला ज्या सरळ भेगा असतात त्यांतून वाहत राहते. तिथून त्याची वाफ वर येते ती भेगेच्या वाटेनेच. म्हणून खालून आलेले विष शेवाळात रेघेसारखे उमटते. वरून सांडलेले मात्र जिथे सांडले तिथून सगळीकडे सारखे पसरते, आणि गोल दिसते. खाणीपाशी मोठे वर्तुळ दिसेल आणि तिथून कॉलनीकडे रेघा निघतील, असा त्यांचा कयास होता.

प्रमिला गायखे पुढच्या रांगेत बसून हे ऐकत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या प्रमिलाबाईंनी कॉलनीच्या बालवाडीत उमेदीची वर्षे घालवली होती, आणि सांगितलेली गोष्ट नीट ऐकून तशीच करायची हा त्यांचा स्वभाव होता. त्यांच्या गल्लीतल्या घरांच्या शेवाळाला पाणी घालण्याची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली. त्यांना तो मान होता. समितीच्या कार्यालयात भिंतीवर जो हार घातलेला फोटो होता तो त्यांच्या यजमानांचा, दत्तात्रय गायखे यांचा. कारखान्यात ते बेअरिंग धुण्याच्या टाकीवर होते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळले असताना त्यांनी खाणीत काय काय ओतले जाई याची साक्ष दिली होती. त्या साक्षीवरच हा सगळा लढा उभा होता.

सुमारे तीन आठवड्यांनी रेघा दिसू लागल्या. खाणीकडून निघालेली पहिली रेघ कारखान्याच्या भिंतीखालून आली, कॉलनीतला रस्ता ओलांडून गेली आणि तिला पुढे फाटे फुटले. लोक तिच्या मागोमाग चालत होते. कोणाच्या मोरीपाशी, कोणाच्या तुळशीखाली, कोणाच्या पायरीला ती तांबडी वाट जाऊन भिडे, आणि त्या घरातले माणूस दारात येऊन उभे राही. इतकी वर्षे डॉक्टरांनी, साहेबांनी, वकिलांनी त्यांना सांगितले होते की तुमचा आजार तुमच्या खाण्यापिण्यातला आहे. आता घरातल्या कुणीही बोट दाखवावे असे उत्तर जमिनीवर उगवले होते.

मार्था साळवे यांचे घर प्रमिलाबाईंच्या शेजारी, मध्ये कमरेइतकी भिंत. मार्था शिवणकाम करीत. त्यांची मुलगी सुवार्ता रक्ताच्या कर्करोगाने गेली तेव्हा ती पाचवीत होती आणि कारखाना चालू होता. ती गेली त्या वर्षापासून मार्थाबाईंनी कारखान्याच्या भिंतीकडे तोंड करून एकही दिवस शिव्या दिल्याशिवाय घालवला नाही, असे गल्लीत म्हणत. लालीची रेघ त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली, तेव्हा त्या घरात जाऊन सुवार्ताचा फोटो घेऊन आल्या आणि तो रेघेच्या बाजूला, पायरीवर ठेवला. संध्याकाळी मात्र नेहमीप्रमाणे मधल्या भिंतीला वळसा घालून प्रमिलाबाईंच्या अंगणात आल्या, धुण्याच्या दगडावर पाय ठेवून पायरीवर बसल्या आणि आधी पाणी व मग चहा प्यायल्या. हा क्रम तीस-पस्तीस वर्षांत मोडला नव्हता. चहा घेता घेता त्यांनी अंगणावर नजर फिरवली. सगळीकडे हिरवेगार होते.

“वहिनी, तुमच्या अंगणाला तर विषसुद्धा घाबरतं.”

प्रमिलाबाईंना थोडे ओशाळल्यासारखे झाले. ज्याच्या साक्षीवर सगळे उभे राहिले त्याच्याच घराला रेघ शिवली नव्हती. त्यांनी पोटेबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की, भेग जिकडे जाईल तिकडेच विष जाणार. मात्र अंगणात फरशा किंवा मोठे दगड असतील तर ते उचलून खालीही पेरावे, कारण वाफ त्यांच्याखाली अडकून राहते.

धुण्याचा दगड दोघा गड्यांनी पहारीने सरकवला. शहाबादी लादीचा तो जाड दगड दत्तात्रयांनी घर बांधताना बसवला होता, आणि त्याला लागूनच त्यांच्याच खटपटीने दुष्काळाच्या वर्षी पाडलेला, आता सील केलेला बोअर होता. दगडाखालची माती ओलसर आणि काळपट दिसली. प्रमिलाबाईंनी ताकात कालवलेली पूड तिथे काळजीपूर्वक शिंपडली.

तिथे शेवाळ उगवले ते लालच उगवले. मध्यभागी ते जवळजवळ जांभळे होते, बाहेर जावे तसे फिकट तांबडे, आणि कडेला हळूहळू हिरव्यात मिसळलेले. त्याची एक बाजू बोअरच्या सिमेंटच्या चौथऱ्याला टेकली होती. त्याला ना टोक होते ना फाटा. ते गोल होते.

प्रमिलाबाई बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांना खंडेनवमी आठवली.

कारखान्यात बेअरिंग धुण्याची टाकी माणसाच्या छातीइतकी उंच होती. तिच्या तळाशी ट्रायक्लो उकळत असे. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती टाकीच्या बाहेर न जाता काठापर्यंत भरून राही. ग्रीसने माखलेली थंड बेअरिंग जाळीच्या टोपलीतून तिच्यात सोडली की वाफ त्यांच्यावर थिजून धारा लागत, आणि त्या धारा सगळे ग्रीस घेऊन खाली जात. बेअरिंग बाहेर यायची ती कोरडी आणि लखलखीत. वर्षभर हे काम करणाऱ्या टाकीचीही खंडेनवमीला इतर यंत्रांबरोबर पूजा होई. आदल्या दिवशी तिच्यातले मळके द्रावक खाणीत जाई, टाकी घासून पुसून घेतली जाई, नवा पिंप फुटे. आणि टाकीवरच्या माणसाने नव्या पिंपातला एक डबा घरी न्यायचा हा रिवाज होता. साहेबांनाही तो माहीत होता. त्यांच्या गाड्यांचे सुटे भाग त्याच दिवशी त्याच ट्रायक्लोने धुतले जात.

दत्तात्रयांनी तो डबा एकट्यासाठी कधी वापरला नाही. दुपारपासून गल्लीतली माणसे त्यांच्या अंगणात येत. समया, निरांजने, स्टोव्हचे बर्नर, सायकलच्या साखळ्या, कुणाची करवत, कुणाचा पान्हा. परातीत ट्रायक्लो ओतलेले असे. काळी पडलेली समई त्यात बुडवून वर काढली की सोन्यासारखी दिसे, आणि अंगणात एक गोडसर वास भरून राही, तो प्रमिलाबाईंच्या मनात अजूनही दसऱ्याचा वास होता. मार्था आपले शिवणयंत्र उचलून आणत. “आमच्यात पूजा नाही, भाऊ, पण मशीन धुऊन घ्यायला बायबल आडवं येत नाही,” असे त्या म्हणत, आणि दत्तात्रय यंत्राचे सुटे भाग परातीत टाकत. बॉबिन आणि शटल धुण्याचे काम सुवार्ताचे. लहानशी बोटे हवीत, म्हणून ते तिच्याकडे आले होते. ट्रायक्लो हवेत भुर्रकन उडे आणि उडताना बोटांची ऊब घेऊन जाई. ती बोटे वर धरून हसत असे. बोटांना थंडी वाजते, असे म्हणत असे.

संध्याकाळी परातीत उरलेले काळे पाणी दत्तात्रय धुण्याच्या दगडाखालच्या सांदीत ओतत. तिथे गवत उगवत नसे. साप-विंचवाची भीती नाही, याचे त्यांना समाधान होते. आणि मग हातपंप मारून सगळे हातपाय धूत, पाणी पीत. गल्लीतल्या सगळ्या घरांत त्याच पंपाचे पाणी जाई. कुणाला नाही म्हणायचे नाही, हा प्रमिलाबाईंचाच नियम होता.

त्यांनी त्या दोघा गड्यांना पुन्हा बोलावले आणि दगड जागेवर ठेवून घेतला.

मुलगा शेखर पुण्याला एका यंत्रकंपनीत होता. फोनवर त्याने सगळे ऐकून घेतले. मग त्याने विचारले की हे आणखी कुणी पाहिले आहे का. कुणी नाही, असे कळल्यावर त्याने आईला समजावले की, बाबांना ते काय आहे हे ठाऊक नव्हते, पिंपावर जे लिहिले होते ते इंग्रजीत होते, आणि ज्यांना वाचता येत होते त्यांनी सांगितले नाही. आता हे नकाशात आले तर कंपनीचे वकील एवढेच दाखवतील की पाहा, कामगारांनीच आपले बोअर नासवले. सगळी गल्ली उपचारांना मुकेल. बाबांचा फोटो भिंतीवरून उतरेल.

“दगड राहू दे तिथंच, आई. आता सांगून कोण परत येणार आहे?”

“मार्था रोज त्याच दगडावर पाय ठेवून बसते रे,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

तो रविवारी येतो म्हणाला, आणि आला नाही.

पोटेबाई पाहणीला आल्या तेव्हा त्यांच्यासोबत हाताएवढे एक उडते यंत्र होते. ते गल्लीवरून संथपणे फिरून छायाचित्रे घेत होते. प्रमिलाबाईंनी त्यांना चहा दिला आणि आपले अंगण हिरवेच आहे असे सांगितले. मग, जणू सहज आठवले म्हणून, विचारले की, एखाद्याच्या अंगणात रेघेऐवजी वर्तुळ निघाले तर काय करतात.

पोटेबाईंनी कप खाली ठेवला. वेगळा उगम म्हणून त्याची नोंद होते, त्या म्हणाल्या. आसपासच्या बोअरमध्ये विष खाणीतून आले की तिथून, हे मग सांगता येत नाही. बहुधा दोन्हीकडून आलेले असते. जवळच्या बोअरमध्ये आधी जवळचेच पोचते, आणि दाटही तेच असते.

“आधी म्हणजे किती आधी?”

“खाणीतलं विष भेगांमधून इथवर यायला बरीच वर्षं लागली असणार. अंगणात ओतलेलं एका पावसाळ्यात बोअरला लागतं.”

प्रमिलाबाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. सुवार्ता आजारी पडली तेव्हा खाणीतले विष कुठवर आले असेल, हे त्यांना आता विचारावे लागणार नव्हते.

पोटेबाईंची नजर एकदा धुण्याच्या दगडाकडे गेली, त्याच्या कडेने नव्याने उकरलेल्या मातीकडे गेली, आणि परत आली. सोमवारी आपण शेवटची छायाचित्रे घेणार आहोत, त्या दिवशी जे उघडे असेल तेच नकाशात येईल, एवढे सांगून त्या उठल्या. दारात मात्र थांबल्या. वर्तुळ असेल तर ते झाकू नये, कारण शेवाळ दगडाखाली मरते आणि विष तसेच राहते, असे म्हणाल्या, आणि गेल्या.

त्या संध्याकाळी मार्था आल्या तेव्हा प्रमिलाबाईंनी त्यांना पायरीवर बसू दिले नाही. दगड पुन्हा बाजूला करून घेतला होता आणि त्या जागेवर गोणपाट टाकले होते. मार्थांनी गोणपाटाकडे पाहिले.

“हे काय, वहिनी? वाळवण घातलंय का?”

प्रमिलाबाईंनी वाकून गोणपाट उचलले. बोलायचे ते त्यांनी दिवसभर मनाशी घोळवले होते. त्याऐवजी त्या नुसत्या बाजूला सरकल्या. मार्था उभ्या राहून पाहत होत्या. खडूने काढलेल्या त्या दोन आकृत्या त्यांनीही पाहिल्या होत्या. वर्तुळावरून त्यांची नजर बोअरच्या चौथऱ्यावर गेली, तिथून पायरीवर, आणि पायरीवर बराच वेळ राहिली.

“खंडेनवमी,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“ती इथं बसायची. या पायरीवर. मीच पाठवायची तिला, जा, बॉबिनं धुऊन आण म्हणून.”

प्रमिलाबाईंनी हातातले गोणपाट बाजूला ठेवले.

“भाऊंना माहीत होतं?”

“नाही गं. शपथ घेते. त्यांना माहीत असतं तर त्यांनी स्वतः हात घातले असते का त्याच्यात?”

“साहेबांना?”

“असणार. पिंपावर कवटी होती. आपल्याला वाटायचं, प्यायलं तर मरतं माणूस. आपण काय पीत नव्हतो.”

मार्था खाली बसल्या. पायरीवर नव्हे, जमिनीवर, वर्तुळाच्या कडेला. त्यांनी एक बोट पुढे केले, पण शेवाळाला लावले नाही.

“त्या भिंतीकडं बघून मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, वहिनी. त्यानं बरं वाटायचं. आता कुणीकडं बघू, ते सांगा.”

प्रमिलाबाईंनी मग शेखर काय म्हणाला ते सांगितले. पोटेबाईंचा सोमवार सांगितला. गल्लीच्या उपचारांचे काय होईल तेही लपवले नाही. शेवटी म्हणाल्या की मुलगी तुझी गेली, तेव्हा दगड ठेवायचा की नाही हे तू सांग. मी तसे करीन, आणि पुन्हा त्याचे नाव काढणार नाही.

“माझ्यावर टाकू नका,” मार्था म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “तुम्ही मला दाखवलं नसतं तर मला कळलं नसतं. दाखवलंत. आता मी पाहिलंय. पाहिलेलं कसं झाकू?”

त्या उठल्या. चहा चुलीवर उकळून आटत होता. जाताना त्यांनी भिंतीला वळसा घातला नाही. रस्त्याच्या दाराने बाहेर पडल्या, पाहुणा जातो तशा.

सोमवारी अंगण उघडे होते. उडते यंत्र वर्तुळावर येऊन थांबले, घिरटी घालून गेले. पोटेबाईंनी आपल्या पडद्यावर त्या जागी तांबडी खूण केली आणि प्रमिलाबाईंचा हात क्षणभर हातात धरला. त्याच दिवशी प्रमिलाबाई समितीच्या कार्यालयात गेल्या. अध्यक्षांना सगळे सांगून झाल्यावर त्यांनी स्वतः स्टूल घेतले, दत्तात्रयांचा फोटो उतरवला आणि पदराने पुसून घरी आणला. तसे करायची काही गरज नव्हती, असे अध्यक्ष म्हणत होते. पण त्यांनी अडवलेही नाही.

खंडेनवमीला मार्था आल्या नाहीत. त्यांचे शिवणयंत्र त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत चालू होते. भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता, आणि प्रमिलाबाई समईसमोर बसून तो ऐकत होत्या. समई काळीच ठेवली होती.

मार्गशीर्षात निकाल लागला. कंपनीच्या वकिलांनी वर्तुळाचा फोटो मोठा करून मांडला होता, आणि शेखरने सांगितले होते तेच म्हटले होते. पोटेबाईंनी उलट साक्ष दिली की, ते द्रावक कारखान्याच्या पिंपातून, कारखान्याच्या रिवाजाने आणि धोका सांगितल्याशिवाय बाहेर गेले; म्हणजे ओतणारा हात कामगाराचा असला तरी उगम कारखानाच आहे. न्यायाधिकरणाने कॉलनीतल्या सगळ्या घरांना उपचारांचा हक्क दिला. फक्त गायखे यांच्या गल्लीचा प्रश्न अधिक चौकशीसाठी बाजूला काढला. चौकशी किती काळ चालेल हे आदेशात लिहिले नव्हते. गल्लीत कुणी प्रमिलाबाईंना टाकून बोलले नाही. वाटेत भेटले की कशा आहात विचारत, आणि पुढे जात. शेखरचा फोन येई तो प्रकृतीपुरता.

फाल्गुन सरला आणि माळावर ऊन पेटले. शेवाळाला पाणी लागते. गल्लीतल्या घरांना पाणी घालायला प्रमिलाबाई जात असत, पण लोक आता म्हणत की आमचे आम्ही घालू, तुम्ही वयस्कर माणूस. स्वतःच्या अंगणात त्या सकाळी एकदा बादली ओतत. मग गुडघे धरले, आणि तेही राहू लागले. खरे सांगायचे तर त्यांना तिकडे बघवत नव्हते. वर्तुळ कडेने वाळत आले, मध्ये तपकिरी झाले. ते मरून जाईल, दगड परत बसवू, आणि कुठेच काही दिसणार नाही, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आला याची त्यांना लाज वाटली.

चैत्रातल्या एका सकाळी त्या मागच्या दाराने बाहेर आल्या तर वर्तुळ ओले होते. मातीत पाणी नुकतेच जिरत होते. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी त्या आधीच दाराआड येऊन थांबल्या. मार्था भिंतीला वळसा घालून आल्या. हातात प्लॅस्टिकची बादली, त्यात स्वयंपाकघरातली वाटी. त्या वर्तुळाच्या कडेपासून आत, वाटीवाटीने पाणी शिंपडू लागल्या, सडा घालावा तशा. त्यांचाही श्वास लागत होता. मध्ये मध्ये त्या कंबर धरून थांबत.

प्रमिलाबाई बाहेर आल्या. मार्थांनी मान वर केली नाही.

“ही मेली तर आतलं तसंच राहतं, पोटे मॅडम म्हणाल्या.”

“हो. मलाही म्हणाल्या होत्या.”

“सगळं खायला किती वर्षं लागतील, ते विचारलं मी.”

“काय म्हणाल्या?”

“आपण नसू तेव्हा.”

पाणी संपले. मार्थांनी बादली उलटी करून झटकली आणि त्या उठू लागल्या, पण गुडघ्यातून उठवेना. त्यांनी हात टेकून आधाराला काही शोधले. जवळ पायरीच होती. त्या तिच्यावर बसल्या, पुढे दगड नव्हता म्हणून पाय जमिनीवर सोडून. ऊन चढले होते. कपाळावरचा घाम त्यांनी पदराने टिपला.

प्रमिलाबाई आत गेल्या. फळीवर मार्थांचा स्टीलचा पेला होता, त्याच्यावर धूळ बसली होती. तो त्यांनी विसळला, दोनदा विसळला, भरला आणि बाहेर आणला. इतक्या वर्षांत असंख्य वेळा त्यांनी या पायरीवर मार्थांच्या हातात पाणी दिले होते. उन्हातून आल्यावर, भांडून आल्यावर, आणि सुवार्ताला पुरून परतल्यावरही. दर वेळी मार्थांनी पेला घेतला होता आणि न बघता तोंडाला लावला होता.

आताही त्यांनी हात पुढे केला. पेल्याच्या काठाला बोटे लागली आणि तिथेच थांबली.

“कुठलं आहे?” त्यांनी विचारले.

“नळाचं,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

मार्थांनी मान हलवली. पेला घेतला, दोन घोट प्यायल्या, आणि उरलेले पाणी वाकून वर्तुळाच्या मध्यभागी हळूहळू ओतले.